वडामाची राखण

आज सकाळी कॉफीचा पेला खाली ठेवता ठेवता हे म्हणाले, "आज वडामापाशी मी बसतो. तू खालींच र्‍हा."

बस, एवढंच. एखाद्या बाईला ऐकून बरं वाटावं असं वाक्य आहे. नवरा म्हातारपणी आपण होऊन म्हणतो, उन्हात तू नको, मी बसतो. वरच्या मजल्यावरच्या कमला मामीला सांगितलं तर ती म्हणेल, मामी, नशीब काढलंत. पण मी माझा पेला न पिताच खाली ठेवला. कारण ह्या माणसाने लग्नाच्या सत्तेचाळीस वर्षांत वडामाची राखण एकदाच केली आहे, आणि ती कशासाठी केली होती ते मला माहीत आहे.

आता ते वर गच्चीवर आहेत. काळी छत्री घेऊन गेले, टॉवेल घेऊन गेले आणि फोनही घेऊन गेले. मी खाली ओट्याशी वही घेऊन बसले आहे. माझ्या रक्ताचा रिपोर्ट काल संध्याकाळी यायचा होता. तो त्यांच्या फोनवर येतो.

चेन्नईत उन्हाळा तसा बारा महिने असतो, पण हे पंचवीसेक दिवस वेगळे. ह्यांना इथे कत्तरी म्हणतात, नाहीतर अग्निनक्षत्र. सकाळी आठला नळ सोडला तर पाणी आधण ठेवल्यासारखं. दाराची कडी बोटाला चावते. कोपऱ्यावरचा ताडगोळेवाला आपली फळं ओल्या गोणपाटाखाली झाकून निंबाच्या सावलीत उभा असतो आणि सावली सरकेल तशी गाडी सरकवत राहतो. दुपारी अडीच-तीनला समुद्राकडून वारं येईल म्हणून आख्खं शहर मान वर करून बसलेलं असतं. आलं तर येतं. लोक ह्या दिवसांना शिव्या देतात. मी देत नाही, कारण ह्या उन्हावाचून वडाम वाळत नाहीत.

वडाम म्हणजे फार काही नाही, आपल्या कुरडईची इकडची बहीण. तांदळाचं पीठ, हिरवी मिरची, हिंग, लिंबू. पहाटे उठून ढवळत ढवळत शिजवायचं, गरम आहे तोवर सोऱ्यात भरायचं आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या धुवट वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, पाडायचं. मीठ मात्र हात राखून. पाणी उडून जातं, मीठ तेवढंच उरतं. मी सांगलीकडची, सातवीपर्यंत शिकलेली मुलगी, लग्न होऊन तंजावरच्या मराठी घरात आले. सासूबाईंचं मराठी मला पहिले सहा महिने निम्मंच कळायचं, पण हे काम त्यांनी हाताला धरून शिकवलं. आणि राखण शिकवली. वडाम पाडले की तिथे कोणीतरी बसायचंच. काळी छत्री उघडून ठेवली की कावळा बिचकतो, पण तासाभरात त्याला कळतं की ही काही हलत नाही. म्हणून माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे बाई. पुरुष वडाम ओलांडून कपडे वाळत घालतील, पण बसणार नाहीत.

तर त्या वर्षाचं सांगते. जगभर साथ आली त्या वर्षाचं.

आदल्या दिवाळीपासूनच माझं पोट फुगत होतं. मी म्हटलं वायू. हिंग घालून ताक प्यायले, ओवा चावला, रात्रीचा भात सोडला. आता परकर नेसणाऱ्या बाईला ठाऊक असतं, नाडी रोज एकाच जागी बांधून तिथे एक चपटा मळकट वळ पडतो. माझा वळ गाठीपासून लांब जायला लागला. आधी एक बोट, मग तीन बोटं. शेवटी नाडीची टोकं एकमेकांना पुरेनात. मी काय केलं असेल? नवी नाडी ओवली. लांब. आणि त्या लांब नाडीवर मी आणखी दोन महिने काढले. अंगाने एवढं स्वच्छ सांगितलेलं मी सुईत दोरा ओवावा तसं ओवून टाकलं. आजही हे आठवलं की हातातलं काम थांबतं.

डॉक्टरीण बाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्या हसायच्या थांबल्या. पोटात पाणी होतं. अंडाशयाचा कॅन्सर, आणि तो तिथल्या तिथे राहिलेला नव्हता. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. त्यांनी बजावून सांगितलं, तिसऱ्या केमोनंतर तीन-चार आठवड्यांत ऑपरेशन व्हायलाच हवं. औषधाने तो मऊ पडलेला असतो तेवढ्यात काढायचा. लांबलं तर परत डोकं वर काढतो.

आणि दुसऱ्या केमोच्याच आठवड्यात देश बंद झाला.

ती शांतता तुम्हालाही आठवत असेल. आमच्या वेलचेरीत रस्त्यावरून आयटीतल्या पोरापोरींची रांग जायची, शेअर ऑटोवाले ओरडायचे, वरच्या पुलावरून गाडी धडधडत जायची. सगळं एका दिवसात गप. ह्या गप रस्त्यांवरून हे मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. माझ्या मांडीवर हॉस्पिटलची फाइल. प्रत्येक नाक्यावर अडसर; फाइल वर धरली की पोलीस काही न बोलता बाजूला व्हायचा. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं. हॉस्पिटलच्या दारात माझी सोबत संपायची. बरोबरच्या माणसाला आत मनाई. हे पाच-सहा तास बाहेर झाडाखाली स्कूटरवर बसून राहायचे, आणि मी आत एका खुर्चीत, हाताला सुई. दोन खुर्च्यांमध्ये एक खुर्ची फुली मारून रिकामी.

त्या फुलीच्या पलीकडे सेल्वी. तांबरमला स्टेशनजवळ इडलीचं पीठ विकते. वय चाळीसच्या आतबाहेर, आजार माझाच. तोंडावर मास्क, त्यामुळे कितीतरी महिने मी तिचे फक्त डोळे ओळखत होते. केस गेले तेव्हा मी गजरा माळायचं सोडलं होतं. सेल्वी डोक्याच्या फडक्याला टाचणीने मल्लिगे, आपला मोगरा, टाचून आली. मी बघत राहिले तर म्हणाली, "काय अम्मा, केस गेले म्हणून फुलांनी काय पाप केलं?" पुढच्या वेळी माझ्यासाठीही एक टाचणी आणि वीतभर फुलं घेऊन आली. सिस्टर ओरडल्या, बाहेरचं काही आणायचं नाही. सेल्वी म्हणाली, "सिस्टर, हे बाहेरचं नाही, आमच्या दारातल्या वेलीचं आहे."

ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा गेली. एकदा वॉर्डच बंद झाला, एकदा भूल देणारे डॉक्टर आजारी पडले. तिसरी तारीख कत्तरीच्या शेवटच्या आठवड्यातली. फोनवरच्या सिस्टर, जेसिंता त्यांचं नाव, म्हणाल्या, "मामी, ही चुकवू नका. ह्यानंतरचं मला काही सांगता येणार नाही."

मी कॅलेंडरकडे बघितलं आणि तांदूळ भिजत घातले.

मुलगी पुण्याहून फोनवर ओरडली, आई, तुला वेड लागलंय का, ह्या अवस्थेत वडाम? विमानं बंद, तिला येता येत नव्हतं, त्यामुळे ती फोनवरूनच पुष्कळ ओरडायची. मी तिला सांगितलं, ऑपरेशननंतर सहा आठवडे काही उचलायचं नाही, ऊन निघून जाईल. हे खरंच होतं. पण पुरतं खरं नव्हतं. मी परत आले नाही तर ह्यांच्या ताटात वर्षभर काहीतरी माझ्या हातचं असावं, एवढंच डोक्यात होतं. बाईला निघताना दुसरं काय सुचतं? कोणी कपाट आवरतं, मी डबे भरत होते.

केमोने तोंडात गंज चढल्यासारखी चव होती. पीठ शिजल्यावर मी ह्यांना बोटभर चाटायला दिलं. "मीठ?"

"बरोबर आहे," हे म्हणाले.

त्या वर्षीचे वडाम समुद्रासारखे खारट होते. वर्षभर हे जेवताना न बोलता खात राहिले. मला कळलं ते पुढे चव परत आल्यावर.

आणि मग, सोऱ्या फिरवून माझे हात भरून आले होते, मी छत्री शोधत होते, तेव्हा हे म्हणाले, "वडामापाशी मी बसतो. तू खालींच र्‍हा."

मला काय वाटलं म्हणून सांगू. मुलीला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा? आणि वडाम?" दोघी हसलो. तीन दिवस हे सकाळी सातला वर जायचे ते ऊन उतरल्यावर खाली यायचे, आणि अंग भाजलंय म्हणून मागच्या खोलीत दार लावून निजायचे. चेहरा तव्यासारखा काळा पडला. जेवायलाही वरच. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताट ठेवायची, हे येऊन वर न्यायचे. मनात म्हणायची, चाळीस वर्षं वाट बघितली, आजारी पडल्यावर का होईना, मिळालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कमला मामीचा फोन. तिचं घर गच्चीच्या बरोबर खाली. आधी हसत म्हणाली, "काय हो मामी, मामा कावळे हाकलतायत की खोकतायत? सकाळपासून ऐकतेय मी." मग आवाज खाली आला. "मी कोणाला सांगितलेलं नाही. पण मामी, समोरच्या गल्लीत कालच पत्रे ठोकलेत."

साथीचा रोगी निघालेल्या घराच्या दारावर तेव्हा पत्रे ठोकून रस्ता बंद करत. मी फोन ठेवला. वर कान दिला. तीन मजले आणि एक पंखा मध्ये. काही ऐकू येईना. मला ऐकू येऊ नये म्हणूनच तर ते वर गेले होते.

हे डोक्यात शिरतंय तोवर पुन्हा फोन वाजला. सिस्टर जेसिंता. उद्या माझी नाकातली तपासणी, परवा दाखल व्हायचं. त्यांनी यादी वाचायला घेतली. ताप? इल्लै. खोकला? इल्लै. वास येतो? येतो.

"घरात कोणाला?"

"इल्लै," मी म्हटलं.

इल्लै म्हणजे नाही. तमिळ शिकायला लागल्यावर पहिल्या दिवशी शिकलेला शब्द. इतका हलका कधी तोंडातून निघाला नव्हता. सिस्टर खूष झाल्या. म्हणाल्या, "तुमच्या शेजारच्या खाटेवर कोण आहे माहितीये? सेल्वी. काल दाखल केली, तिच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. सारखी विचारतेय, अम्मा कधी येणार."

मी जिना चढले. तळपाय तेव्हा बधिर झालेले, पायरी पायाला लागली की नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत. गच्चीचं दार ढकललं तर ऊन अंगावर पडलं भिंत पडावी तसं. हे पाठमोरे, छत्रीखाली, टॉवेल तोंडावर दाबून खोकत होते. खांदे हलत होते. वडाम पांढरेशुभ्र वाळत होते आणि एक कावळा निवांत बसून त्यातला खात होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कायी नाही. उन्हानं घसा सुकला."

"उन्हात बसायच्या आधी सुकला की नंतर?"

ह्यांनी टॉवेलाची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सोमवारपासून. ताप नाही. तू कायी सांगूं नको."

"मी आत्ताच नाही म्हणून सांगून आलेय."

तेव्हा त्यांनी मान वळवली. त्यांच्या तोंडावर जी सुटका दिसली ती मी जन्मात विसरायची नाही. "बरं केलंस," म्हणाले. "मी खालीं येत नाही. हितंच निजतो. तुझं ऑपरेशन होऊं दे, मग अस्क बघूं." अस्क म्हणजे सगळं. त्यांच्या घरातला शब्द, सासूबाईंचाही.

"माझ्या अंगात आधीच शिरलं असेल तर?"

"तुझी टेस्ट करतात की."

"आज शिरलेलं उद्याच्या टेस्टात दिसेलच असं कुठे आहे? अहो, शेजारी सेल्वी आहे. तिच्या अंगात पेशी उरलेल्या नाहीत."

"मज सेल्वी ठाऊक नाही," हे म्हणाले. "मज तू ठाऊक."

ह्या वाक्यावर मी विरघळायला हवं होतं, नाही का? मला संताप आला. तीन दिवस मी ज्याला माया समजून मिरवत होते ते लपणं होतं. आणि ते लपणंच माया होती, हे तर आणखी वाईट. मी एकटी असते तर सोपं झालं असतं. मी घरात एकटीनेच लपवलं असतं, किंवा एकटीनेच सांगितलं असतं. मी त्यांच्याशी भांडले नाही. कावळा हाकलला आणि खाली आले.

"सिस्टर, मी मघाशी खोटं बोलले."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "मामी, तारीख जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"पुढची कधी, मला सांगता येणार नाही."

"तेही कळतंय. तुम्ही लिहून घ्या, मग माझ्याच्याने सांगणं होणार नाही."

त्यांनी लिहून घेतलं.

हे खाली आले, मागच्या खोलीत गेले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. दारात स्टूल, स्टुलावर ताट. दार उघडायचं, हात यायचा, ताट आत जायचं. मी बाहेरून म्हणायची, आमटी वाढू का? रिकामं ताट परत स्टुलावर यायचं. त्यांच्या तपासणीचा निकाल तीन दिवसांनी आला, काही नव्हतं. खोकला आला तसा गेला. कशाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण आमचं नाव यादीच्या तळाशी गेलं होतं.

कत्तरी संपली. वारं वेळेवर यायला लागलं. मी रोज सकाळी आंघोळीनंतर परकर बांधताना श्वास रोखायची. वळ कुठे आहे? गाठीवरच आहे की सरकला? एके दिवशी अर्धं बोट सरकल्यासारखं वाटलं. मी नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. ओल्या अंगाने न्हाणीघरात किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेरून दारावर थाप पडली आणि कितीतरी दिवसांनी पहिलं वाक्य आलं, "बरी आहेस काय?"

एकोणीस दिवस उशिरा ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, जे दिसलं ते काढलं. न दिसलेल्याचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दोन वर्षांनी तो परत आला. पुन्हा औषधं, पुन्हा केस गेले, पुन्हा आले, ह्या वेळी कुरळे. तेव्हापासून गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी रक्त, त्यात आजाराचा आकडा बघायचा. माझ्या आजाराला बरं होणं हा शब्द नाही. चढला, उतरला, एवढेच शब्द आहेत. मी त्यांच्यात राहायला शिकले, जसे लोक वेलचेरीत राहतात. पावसाळ्यात पाणी भरतं, ओसरतं, पंप वरच्या मजल्यावर ठेवायला शिकतात.

सेल्वीचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ती अजून पीठ विकते. फोन केला की आधी म्हणते, "अम्मा, तुम्ही आला नाहीत, माझी फुलं खाटेवरच सुकली." तिला मी कधी काही सांगितलं नाही. आणि खरं बोलल्याचं मला काही फार थोर वाटतं असंही नाही. कधी कधी दुपारी पडल्या पडल्या वाटतं, इल्लै तसंच राहू दिलं असतं तर? त्यांना काही झालेलंच नव्हतं. कोणालाच काही झालं नसतं. आणि ते एकोणीस दिवस माझ्याकडे असते.

फाइल आवरताना एकदा डिस्चार्जच्या कागदामागे ह्यांचं पेन्सिलीतलं अक्षर सापडलं. हे मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात, त्यांच्या घरात तसंच शिकवलेलं. मला आता वाचता येतं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न होते. खाणं काय, जिना कधी, टाके कधी. प्रत्येकापुढे उत्तर लिहिलेलं. शेवटचा प्रश्न: "एकोणीस दिवसांनीं फरक पडला?" त्यापुढची जागा कोरी होती. मी कागद होता तिथे ठेवला.

अकरा वाजले. वरून खोकल्याचा आवाज नाही. आज परकर बांधताना वळ गाठीवरच होता, मी दोनदा बघितला. पण रक्ताला नाडीच्या आधी कळतं, हे मी आता जाणते. वही इथेच ठेवते. वर जाऊन येते.

मी गेले, आणि आले. दुपार उतरली आहे.

हे छत्रीखाली बसले होते. फोन टॉवेलखाली उपडा. मला बघून उठायला लागले, मी हाताने बसा म्हटलं.

"कधी आला?"

"काल सांजे."

"चढलाय?"

वेष्टीच्या कडेवर त्यांनी दगड ठेवलेला होता, तो उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "चढलाय."

"पुष्कळ?"

त्यांनी आकडा सांगितला. मी मनात धरला होता त्याहून मोठा. समोरच्या इमारतीवर कोणीतरी चादर झटकली. 

"किती दिवस लपवणार होता?"

"एक ऊन," हे म्हणाले. "एक ऊन तरी म्हटलं तुज मिळूं दे. वडाम वाळले की सांगणारच होतों."

"सरका," मी म्हटलं.

ते सरकले, छत्री माझ्याकडे कलती केली. डॉक्टरीण बाईंची वेळ परवाची मिळते, असं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. आम्ही बसून राहिलो. मग मी एक वडाम उचलला, वरून कडक, खालून अजून ओला; असाच आमच्या दोघांना आवडतो. मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. गोळ्यांनी हल्ली माझी चव पुन्हा गेलेली आहे.

"मीठ?" मी विचारलं.

त्यांनी सावकाश चावला. माझ्याकडे बघितलं.

"ज्यास्ती आहे," हे म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. "उद्याच्या पिठाला कमी घालते."